एक-शून्य

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. एकदा हे कबूल केलं, की पुढे बिनधास्त लिहिता येतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला आजवर निदान चौदा जणांनी समजावून दिलं आहे. त्यांतल्या एकाने तर जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी आणि दोन वाट्या मांडून दिलं. त्यातून मला लोणचं हवं आहे एवढंच स्पष्ट झालं. पण खेळ कळणं आणि खेळावरून भांडणं यांचा काही संबंध असतो, असं मला वाटत नाही. तसा असता तर आपल्याकडच्या क्रिकेटच्या गप्पा केव्हाच बंद पडल्या असत्या.

माझं फुटबॉलवरचं भांडण जवळजवळ चाळीस वर्षं एकाच माणसाशी चालू आहे. ते म्हणजे माझे मेहुणे, आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू. ते बँकेत इन्स्पेक्शन खात्यात होते. शाखेत शिरल्यावर मॅनेजरने पुढे केलेला चहा बाजूला सारून आधी तिजोरीतली कॅश मोजायची, अशी त्यांची ख्याती. आयुष्याकडेही ते त्याच नजरेने पाहतात. नाटक कसं झालं, असं विचारलं तर किती वाजता सुटलं ते सांगतात. फुटबॉलविषयी त्यांचं एकच म्हणणं असतं, ‘‘भाऊजी, ते नक्षीकाम राहू द्या. आकडा काय झाला ते सांगा.’’

मी नक्षीकामाच्या बाजूचा. चांगलं खेळून हरले तरी चालेल, पण कंटाळवाणं खेळून जिंकू नये, हे माझं मत. हे मत बाळगायला मला आजवर एक पैसाही खर्च आलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

भांडणाचा मुहूर्त १९८६चा. त्या वर्षी दूरदर्शनने मेक्सिकोतल्या विश्वचषकाचे सामने दाखवले. आमच्या घरी कृष्णधवल संच होता आणि मेहुण्यांकडे रंगीत. पिवळ्या जर्सीतला ब्राझील कृष्णधवल संचावर बघणं म्हणजे दुधी भोपळ्याचा हलवा म्हणून दुधी भोपळ्याची भाजी खाणं. तेव्हा रात्री साडेअकराला आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे. ब्राझील-फ्रान्सच्या सामन्यात झिकोने ऐन वेळी पेनल्टी घालवली, एक-एक बरोबरी झाली, पुढे पेनल्ट्यांच्या फैरीत सॉक्रेटिसनेही घालवली आणि ब्राझील घरी गेला. मी सोफ्यावर सुतकात बसलो होतो. मेहुणे उठले, टीव्ही बंद केला, त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं आणि म्हणाले, ‘‘हा तुमचा मास्तर चार वर्षांपूर्वीही असाच हरला होता ना?’’

मास्तर म्हणजे तेले सांताना, ब्राझीलचा प्रशिक्षक. आणि चार वर्षांपूर्वीचं दुःख म्हणजे ५ जुलै १९८२, बार्सिलोनातलं सारिया मैदान. ते मैदान पुढे १९९७ साली पाडलं. पण माझ्या मनात ते अजून उभं आहे. गंमत म्हणजे हा सामना मी तेव्हा पाहिलेलाच नाही. वर्तमानपत्रात वाचला आणि वाचूनच त्याच्या प्रेमात पडलो. ब्राझीलने आधीच्या चार सामन्यांत तेरा गोल केले होते. समोर इटली. पहिल्या फेरीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून कसाबसा आत सरकलेला, स्वतःच्या देशातल्या पत्रकारांशी अबोला धरून बसलेला संघ. त्यांचा पावलो रोस्सी हा दोन वर्षांची बंदी संपवून नुकताच आलेला. ब्राझीलला उपांत्य फेरीत जायला नुसती बरोबरी पुरत होती. दोनदा मागे पडून दोनदा त्यांनी ती साधली. दोन-दोन असताना, सामन्याला वीसेक मिनिटं उरली असताना, दाराला कडी घालून गप्प बसायचं एवढंच काम होतं. पण नाही. हे बहाद्दर तिसऱ्या गोलासाठी पुढे गेले, आणि रोस्सीने तिसरा गोल मारला. तीन-दोन.

हे मी किती लोकांना किती वेळा सांगितलं असेल! सांगताना ‘पण नाही’ या शब्दांवर माझा आवाज हमखास कापायचा. काय तो बाणेदारपणा! कडी घालणं त्यांच्या रक्तातच नव्हतं! यावर मेहुणे शांतपणे विचारायचे, ‘‘मग कप कोणी नेला?’’ कप इटलीने नेला. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला तीन-एक असं हरवून नेला. यावर मला उत्तर नसायचं. मग मी म्हणायचो, ‘‘कप गेला, पण आठवण कोणाची राहिली?’’ आणि मेहुणे म्हणायचे, ‘‘इटलीतल्या लोकांना विचारून आलात का?’’

कडीचा उल्लेख आला आहे म्हणून सांगतो. इटलीतल्या बचावाच्या पद्धतीचं नाव ‘कातेनाच्चो’, आणि त्याचा अर्थ खरोखरच दाराची कडी किंवा अडसर असा आहे. साठीच्या दशकात मिलानच्या इंटर क्लबाचा मॅनेजर एलेनियो एरेरा याने ही कडी अशी घट्ट बसवली, की १९६४ आणि १९६५ अशी दोन वर्षं लागोपाठ युरोपचा कप त्यांनी घरात कोंडून ठेवला. आमच्या मेहुण्यांच्या ब्लॉकला दोन दारं आहेत, पुढच्याला तीन कड्या आणि एक साखळी. त्यामुळे ही पद्धत त्यांना का आवडते ते मी समजू शकतो. १९६७ साली स्कॉटलंडच्या सेल्टिकने लिस्बनला ती कडी तोडली, दोन-एक अशी. ते मी त्यांना वाढदिवसाची आठवण करून द्यावी तसं दर मे महिन्यात सांगतो.

पण हा वाद आमच्या दोघांचाच असता तर मी लिहायला बसलो नसतो. अर्जेंटिनात अख्खा देश त्यावरून दुभंगला होता. आपल्या पुण्यात आधी राजकीय की आधी सामाजिक यावरून टिळक पक्ष आणि आगरकर पक्ष होते ना, तसे तिथे दोन पक्ष: मेनोत्तीवाले आणि बिलार्दोवाले. सेसार लुईस मेनोत्ती हा सडपातळ, लांब केसांचा, सिगारेटमागून सिगारेट ओढणारा, डाव्या विचारांचा माणूस. खेळ सुंदर नसेल तर तो लोकांची फसवणूक आहे, असं मानणारा. कार्लोस बिलार्दो हा डॉक्टर, तोही स्त्रीरोगतज्ज्ञ. जिंकणं हाच औषधाचा गुण, चव कडू का असेना. दोघांनीही देशाला विश्वचषक जिंकून दिला, मेनोत्तीने १९७८ साली आणि बिलार्दोने १९८६ साली. म्हणजे आकड्याच्या हिशेबात फिट्टंफाट. त्यामुळे भांडण मिटायला काही कारणच उरलं नाही. मेनोत्ती २०२४ साली वारला, तेव्हाही मृत्युलेखांत बिलार्दोचं नाव होतंच.

या दोघांविषयी वाचायला लागलो तेव्हा माझी पंचाईत व्हायला सुरुवात झाली. साध्य-साधनाची चर्चा आपल्याकडे नवी नाही. साधनं शुद्ध हवीत असं गांधीजींनी सांगितलं, फळाची आशा सोड असं गीतेने सांगितलं. आणि या दोन्हींचा आधार घेऊन मी सुंदर फुटबॉल म्हणजे शुद्ध साधन, असं समीकरण मांडून मोकळा झालो होतो. आता मेनोत्तीचा १९७८चा विजय बघा. तेव्हा अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. हजारो माणसं घरांतून उचलून नाहीशी केली जात होती. ज्या मैदानावर अंतिम सामना झाला, त्याच्यापासून जवळच नौदलाच्या एका शाळेत छळछावणी चालू होती. तिथे डांबलेल्यांना मैदानावरचा जल्लोष ऐकू येत होता, असं सुटून आलेल्यांनी पुढे सांगितलं. अंतिम फेरीत जायला पेरूविरुद्ध चार गोलांनी जिंकणं भाग होतं, ते सहा-शून्य जिंकले, आणि त्या आकड्याविषयी लोक आजही भुवया उंचावतात. शेवटी कप कर्णधाराच्या हाती दिला तो हुकूमशहा विदेलाने. आम्ही सेनाधिकाऱ्यांसाठी नव्हे, लोकांसाठी खेळलो, असं मेनोत्ती पुढे सांगत राहिला. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पण चेंडू कितीही देखणा फिरवला, तरी तो कोणाच्या अंगणात फिरतो आहे हा प्रश्न राहतोच. सुंदर आणि चांगलं हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

उलट कंटाळवाण्या बिलार्दोच्या संघाने काय केलं? इंग्लंडविरुद्ध एक्कावन्नाव्या मिनिटाला माराडोनाने सरळ हाताने गोल केला. लबाडीच, दुसरं नाव नाही. आणि मग चार मिनिटांनी त्याच माराडोनाने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून निघून, इंग्लंडच्या माणसांना एकामागून एक मागे टाकत, जगातला सगळ्यांत सुंदर गोल केला. मेहुण्यांकडच्या रंगीत संचावर मी ते पाहिलं आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. मेहुणे म्हणाले, ‘‘दोन झाले.’’ मी आतून चिडलो. पण फळ्यावर दोन्ही गोलांची किंमत सारखीच होती, हे खरं. अंतिम सामना अर्जेंटिनाने तीन-दोन जिंकला आणि सगळा देश नाचत असताना बिलार्दो मात्र कॉर्नरवरून दोन गोल खाल्ले म्हणून हळहळत होता, असं सांगतात. ही गोष्ट मेहुण्यांना फार आवडते. ‘‘ताळेबंद जुळला तरी आपण व्हाउचरं बघतोच की,’’ म्हणतात.

ब्राझीलने चोवीस वर्षांनी, १९९४ साली, पुन्हा कप जिंकला तेव्हा मी पक्षांतर करावं म्हणून मेहुणे पेढे घेऊन आले होते. प्रशिक्षक पारेरा, कर्णधार डुंगा, सात सामन्यांत अकरा गोल. बेरीज करा: सांतानाच्या हरलेल्या संघाने पाच सामन्यांत पंधरा केले होते. अंतिम सामना शून्य-शून्य, मग पेनल्ट्या, आणि इटलीच्या बाज्जोने चेंडू आकाशात मारला. मी पेढा खाल्ला. तो मला फिका लागला असं मी सांगत आलो आहे; खरं म्हणजे चांगला होता, मी दोन खाल्ले. पण तुमच्या लाडक्या माणसाचं लग्न रजिस्टर पद्धतीने, चहा-बिस्किटांवर उरकावं, तसं ते जिंकणं वाटलं. लग्न झालं, नाही असं नाही.

मात्र ग्रीसपुढे मी हात टेकतो. २००४ साली ऑटो रेहागेल नावाच्या जर्मन मास्तराने ग्रीसला युरोपचा विजेता केलं. फ्रान्सविरुद्ध एक-शून्य, चेक संघाविरुद्ध एक-शून्य, अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगालविरुद्ध एक-शून्य. मेहुण्यांनी इतकं सुंदर हस्ताक्षर आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘दादा, हा काय खेळ आहे? दहा माणसं आपल्याच दारात उभी!’’ ते म्हणाले, ‘‘त्यांच्याकडे झिको आहे का? मग तुम्ही त्यांच्याकडे झिकोचा खेळ कशाला मागता? ज्याच्या घरी उद्याच्या पिठाची पंचाईत, त्याने गावाला जिलबीची पंगत घालावी, अशी अपेक्षा धरणारे तुम्ही कोण?’’

खरं सांगतो, इतक्या वर्षांत मेहुणे प्रथमच मला निरुत्तर करून गेले. आनंद देण्याचं कर्तव्य असेलच तर ते श्रीमंतावर आहे. दुबळ्याने कडी घालावी, त्यात पाप नाही. कडी घालतो म्हणून झोपडीला कोणी नावं ठेवत नाही. वाड्याने दार लावून घेतलं की वाईट वाटतं. हे एवढं मान्य केल्यावर माझ्या आयुष्यातली एक जुनी गोष्ट जी वर आली, ती खाली बसायला तयार होईना.

१९८८ सालची गोष्ट. आमच्या कॉलनीतल्या मुलांचा चौदा वर्षांखालचा संघ होता आणि मी त्याचा मॅनेजर होतो. माझी पात्रता एवढीच की माझ्याकडे स्कूटर होती आणि तिच्या डिकीत दोन डझन मोसंबी मावत. आसपासच्या कॉलन्यांची पावसाळी स्पर्धा असायची, चिखलात. आमच्याकडे एक मुलगा होता, तळमजल्यावरच्या नर्सबाईंचा. त्याला सगळे झिको म्हणत. तेरा वर्षांचं ते हडकुळं पोर चेंडू पायात आला की सोडायचंच नाही. चिखलात जिथे आम्ही नुसते चाललो तरी घसरायचो, तिथे हा तिघांना चकवून परत त्यांनाच चकवायला मागे यायचा. गॅलऱ्या भरायच्या. कुकरच्या शिट्ट्या मोजणं बायका विसरायच्या. एकदा तर तीन इमारतींत एकाच दिवशी वरणाला करपट वास होता, असं सौभाग्यवती सांगतात.

उपांत्य सामन्यात झिकोने आपल्याच गोलापुढे चकवाचकवी करताना चेंडू घालवला आणि आम्ही गोल खाल्ला. कसेबसे तीन-दोन जिंकलो. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री मेहुणे घरी आले होते. त्यांनी कागदावर अकरा टिंबं काढली आणि त्यांतली नऊ खाली ओढली. ‘‘त्या पोराला बसवा,’’ म्हणाले, ‘‘शील्ड तुमचं.’’

मी, सारियाच्या मैदानासाठी गळा काढणारा मी, रात्रभर विचार केला, आणि त्याला बसवलं. त्याला सांगताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही. स्कूटरची काच पुसत सांगितलं. सामना कसा झाला ते मला आठवत नाही. कोणालाच आठवत नाही. आमची मुलं चेंडू दिसला की मैदानाबाहेर मारत होती. एकदा तर तो नाल्यात गेला आणि काढायला दहा मिनिटं लागली, त्याचाही आम्हांला आनंद झाला. एका कॉर्नरवर चेंडू आमच्या एका मुलाच्या पाठीवर आदळून आत गेला. त्याला तो गेलेला कळलाही नाही. एक-शून्य. झिको रेषेबाहेर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळत होता आणि मध्यंतराची मोसंबी सोलत होता. सोलताना सालीची एक लांब न तुटणारी पट्टी काढत होता, एवढं मात्र मी पाहिलं. शील्ड आलं, सोसायटीच्या ऑफिसात लागलं, अजून आहे. पुढच्या पावसाळ्यात झिको खेळायला आला नाही. दहावीचं वर्ष जवळ आलं होतं, असंही असेल.

आता, आम्ही ग्रीस असतो तर माझी तक्रार नव्हती. पण आमच्या घरी पीठ होतं, साखर होती, तूप होतं. आमच्याकडे झिको होता. मी जिलबी करणाऱ्यालाच पंगतीबाहेर बसवलं. नोकरी जाईल म्हणून सांतानाला भीती वाटली असती तर ते समजण्यासारखं होतं. मॅनेजरांच्या पोटावर पाय येतो. माझं काय जाणार होतं? मोसंबी माझीच होती.

गेल्या वर्षी नातवाने मोबाइलवर सारियाचा तो सामना लावून दिला. नातू इंग्लंडमधल्या क्लबांचा भक्त. मूरिन्योने २०१० साली इंटरच्या दहाच माणसांनिशी बार्सिलोनाला त्यांच्याच मैदानात कसं थोपवलं, सामना एक-शून्य हरूनही एकूण गोलांवर पुढे कसा गेला, हे त्याला तोंडपाठ. गोलापुढे सगळा संघ उभा करण्याला ते लोक ‘बस उभी करणे’ म्हणतात. आमच्या मुंबईत बस उभी राहणं हीच मोठी करमणूक असल्यामुळे मला त्यातली निंदा कळायला वेळ लागला. असो. सामना बघताना माझ्या आवाजात तो जुना कंप तयारच होता. दोन-दोन झाले. ‘‘आता बघ,’’ मी म्हणालो, ‘‘आता हे पुढे जातील.’’ इटलीला कॉर्नर मिळाला. नातवाने चित्र थांबवलं. ‘‘आजोबा, कोण पुढे गेलंय? सगळे मागेच तर आहेत!’’ चष्मा पुसून पाहिलं. खरंच, जवळजवळ सगळा ब्राझील आपल्याच गोलाच्या तोंडाशी गर्दी करून उभा होता. चेंडू अर्धवट बाहेर आला, परत आत आला, रोस्सीने पाय लावला. दुसरा गोल तर एका निष्काळजी आडव्या पासवरून गेला होता. म्हणजे बाणेदारपणामुळे हरले, हे माझं चाळीस वर्षांचं कथाकीर्तन. ते हरले होते तसेच, जसे आपण सगळे हरतो. थोडी चूक, थोडी गडबड. आपल्या लोकांना पराभव भव्य केल्याशिवाय चैन पडत नाही. पानिपताला अडीचशेच्या वर वर्षं झाली, तरी आपण त्याची आठवण विजयांपेक्षा जास्त जपतो, त्यातलाच हा प्रकार. आणि सांताना? ज्याला ब्राझीलमध्ये लोक पांढऱ्या पायाचा म्हणायला लागले होते, त्याने पुढे साओ पावलो क्लबाला १९९२ आणि १९९३, लागोपाठ दोनदा दक्षिण अमेरिकेचं आणि दोनदा जगाचं विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे जिंकतही होता. हे मी मेहुण्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते त्याला आपल्या पक्षात घेतील.

मागच्या महिन्यात कॉलनीतलं एक लग्न होतं. तिथे झिको भेटला. आता पन्नाशीचा, नाशिकला असतो, पोट सुटलं आहे. ‘‘काका!’’ म्हणून वाकून नमस्कार केला. माझ्या मनात इतकी वर्षं साठलेलं एकदम बाहेर आलं. म्हटलं, ‘‘अरे, त्या फायनलला मी तुला बसवलं. चुकलंच माझं.’’

तो हसला. ‘‘काय काका, तुम्ही अजून तेच घेऊन बसलात? जिंकलो ना आपण! ते मेडल आहे माझ्याकडे. मुलांना दाखवतो मी.’’

‘‘पण तू खेळला असतास तर...’’

‘‘मी खेळलो असतो तर हरलो असतो.’’ हे तो हसतच म्हणाला. मग जरा थांबला. ‘‘मुलं विचारतात, बाबा, तुम्ही किती गोल मारले? मग मी विषय बदलतो.’’

मला पुढे काही सुचेना. शेजारच्या खुर्चीवर मेहुणे बसले होते, त्यांनाही सुचलं नसावं, कारण ते ताटातली कोशिंबीर ढवळत राहिले. ‘‘बसा तुम्ही, बासुंदी आणतो,’’ म्हणून झिको उठला. बुफेपाशी झुंबड होती. परत येताना त्याच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेल्या वाट्या. समोरून वरपक्षाचे दोन भरभक्कम गृहस्थ ताटं घेऊन आले. हा डावीकडे झुकल्यासारखा झाला आणि उजवीकडून निघाला. एक कारटं पायांत आलं, त्याच्यावरून एक पाय अलगद उचलला. एका मावशींनी अचानक मागे वळून पदर उडवला, त्याखालून वाकून हा पुढे. दोन्ही वाट्या जशाच्या तशा. माझ्या हातातला घास हातातच राहिला. घशाशी आलेलं ‘वा!’ मी कसंबसं थांबवून मेहुण्यांकडे पाहिलं.

तेही बघत होते. वाटी हातात घेऊन त्यांनी एक घोट घेतला, मिशा पुसल्या.

‘‘भाऊजी,’’ म्हणाले, ‘‘एवढं मधून यायची काय गरज होती? भिंतीकडेने मोकळंच होतं की.’’